कौशिकाची परतीची वाट

श्रीमद्भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात सातव्या श्लोकापासून अकराव्या श्लोकापर्यंत भगवंतांनी वीस लक्षणे सांगितली आहेत आणि हीच ज्ञान होत, असा निर्णय दिला आहे. अभ्यासकाने हे पाच श्लोक पुढे ठेवून प्रस्तुत पाठ वाचावा. किती ग्रंथ पढावे, किती व्रते करावी याची गणना तेथे नाही. यादीचा आरंभ होतो तो अमानित्वापासून.

या शब्दाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. मराठीत आपण एखाद्याला मान देतो, एखाद्याचा मान राखतो. म्हणजे मराठी मान बहुधा दुसऱ्याकडून मिळतो. गीतेतला मान आतून उगवतो. श्रीशंकराचार्यांनी मानित्व म्हणजे स्वतःची प्रशंसा असा अर्थ केला आहे. मनुष्य स्वतःच्या चांगुलपणाचा हिशेब स्वतःच मांडतो आणि त्यावर स्वतःच संतुष्ट होतो. तो हिशेब मोठ्याने वाचून दाखविलाच पाहिजे असे नाही. मनात वाचला तरी मान तो मानच. श्रीज्ञानेश्वर महाराजांनी 1290 साली या पाच श्लोकांचा विस्तार शेकडो ओव्यांत केला, त्यावरून हा विषय त्यांना किती महत्त्वाचा वाटला असेल ते दिसते.

मनुष्य खरोखर चांगला होतो तो कशाने? विद्येने, तपाने, पश्चात्तापाने की सत्संगाने? या प्रश्नाचे उत्तर नुसत्या लक्षणांवरून काढू गेल्यास हाती शब्दच राहतात. महाभारताच्या वनपर्वात मात्र एका माणसाची अशी कथा आहे, की तिच्यात या चारही गोष्टी क्रमाने येतात आणि प्रत्येकीचे बळ किती ते कळते. पांडव वनवासात असता मार्कंडेय मुनींनी ती युधिष्ठिराला सांगितली. लोकांत ती व्याधगीता या नावाने प्रसिद्ध आहे. कीर्तनकार व प्रवचनकार ती पुष्कळदा सांगतात, परंतु बहुधा व्याधाच्या उपदेशापाशी थांबतात. तिचे मर्म त्याच्या पुढे आहे.

कौशिक नावाचा एक ब्राह्मण होता. सांग वेदांचे अध्ययन केलेला, तपस्वी, नियमनिष्ठ. एके दिवशी तो वृक्षाखाली वेदपठण करीत बसला असता वर बसलेल्या एका बगळीने त्याच्या अंगावर विष्ठा टाकली. कौशिकाने क्रोधाने वर पाहिले. त्या दृष्टीसरशी पक्षिणी गतप्राण होऊन खाली पडली. ते पाहून त्याला दया आली, खेद झाला. आपण रागाच्या भरात अकार्य केले, असे तो वारंवार म्हणू लागला. मग तो भिक्षेसाठी गावात गेला.

येथे घटकाभर थांबले पाहिजे. कौशिकाच्या तपाला सामर्थ्य होते यात संशय नाही. ज्याच्या नजरेने पक्षी मरतो त्याचे तप खोटे कसे म्हणावे? परंतु सामर्थ्य वाढले म्हणजे मनुष्य चांगला झाला असे ठरत नाही. क्रोध जितका सामान्य माणसात होता तितकाच तपस्व्यात राहिला. फरक इतकाच, की सामान्य माणसाच्या क्रोधाने पक्षी उडून गेला असता, तपस्व्याच्या क्रोधाने तो मेला. सतराव्या अध्यायाच्या अठराव्या श्लोकात सत्कार, मान व पूजा यांसाठी केलेल्या तपाला भगवंतांनी राजस म्हटले आहे आणि ते अस्थिर असते असे सांगितले आहे. कौशिक लोकांकडून पूजा करवून घेण्यासाठी तप करीत होता असे महाभारत म्हणत नाही. तथापि त्या तपाच्या मुळाशी मान होता, हे पुढल्याच प्रसंगात उघड होते.

एका गृहस्थाच्या दारी त्याने भिक्षा मागितली. घरची स्त्री भांडे स्वच्छ करीत होती. तिने त्याला थांबण्यास सांगितले. इतक्यात तिचा पती भुकेने व्याकूळ होऊन घरी आला. ती त्याला पाय धुण्यास पाणी, आसन व जेवण देण्यात गुंतली. मग दारी उभ्या असलेल्या ब्राह्मणाचे तिला स्मरण झाले. लाजून ती भिक्षा घेऊन बाहेर आली. कौशिक संतापला होता. थांबवून का ठेवलेस, असे त्याने विचारले. तिने क्षमा मागितली. त्यावर तो ब्राह्मणांची थोरवी सांगू लागला: इंद्रसुद्धा ब्राह्मणांना नमतो, ब्राह्मण अग्नीसारखे आहेत, ते पृथ्वीही जाळतील.

बगळी मेली त्याच दिवसाची ही गोष्ट आहे. पश्चात्ताप अजून ओला होता, आणि तोच क्रोध दुसऱ्या दारी पुन्हा उभा राहिला. याचे कारण शोधले पाहिजे, कारण बहुतेक साधकांची अडचण नेमकी हीच असते. कौशिकाला दुःख झाले ते कृत्याचे. ज्या 'मी'ने ते कृत्य केले, त्या 'मी'कडे त्याने पाहिलेच नाही. किंबहुना एवढ्या तपस्व्याच्या हातून असे व्हावे, या खेदात तपस्वीपणाचा अभिमान सुखाने नांदू शकतो. असा पश्चात्ताप रडवतो, पण आत काही हलवत नाही.

त्या स्त्रीने शांतपणे सांगितले, की आपण बगळी नाही. रानात काय घडले ते तिला ठाऊक होते. क्रोध हा देहातच राहणारा शत्रू आहे. ज्याने क्रोध व मोह टाकला त्यालाच देव ब्राह्मण मानतात, असे ती म्हणाली. पुढे तिने आणखी कठोर वाक्य बोलून दाखविले: कौशिक स्वाध्यायशील आहे, पवित्र आहे, परंतु धर्म तत्त्वतः काय तो त्याला कळलेला नाही. धर्म जाणावयाचा असेल तर त्याने मिथिलेला जावे. तेथे एक व्याध राहतो. तो मातापित्यांची सेवा करणारा, सत्यवादी व जितेंद्रिय आहे. तो धर्म सांगेल.

या क्षणी कौशिक संतापू शकला असता. तो संतापला नाही. आपला क्रोध गेला, हा ठपका आपल्या परम कल्याणाचा आहे, असे तो म्हणाला आणि स्वतःची निंदा करीत परतला. कथेतील पहिले खरे वळण येथे आहे. वेदज्ञ पुरुषाने एका गृहिणीच्या तोंडून स्वतःचा दोष ऐकून घेतला आणि ती जेथे पाठवील तेथे जाण्याचे ठरविले. अमानित्वाचा अंकुर म्हणतात तो हा. मान गेला असे म्हणता येणार नाही, पण त्याला भेग पडली.

परंतु एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. व्याधाची ओळख करून देताना त्या स्त्रीने त्याचे पहिले विशेषण मातापित्यांची सेवा करणारा हेच वापरले होते. कौशिकाने ते ऐकले आणि मनात 'धर्म जाणणारा' एवढेच साठविले. का, ते पुढे कळेल.

मिथिला ही जनकाची नगरी. तेथे पोचल्यावर त्याला व्याध सापडला तो मांसाच्या दुकानात, हरणांचे व रेड्यांचे मांस विकताना. गिऱ्हाइकांची गर्दी होती. कौशिक दूर एका बाजूला उभा राहिला. व्याध आपण होऊन उठला, जवळ आला, वंदन करून म्हणाला की त्या पतिव्रतेने आपणांस पाठविले आहे हे मला माहीत आहे. ही जागा आपल्याला योग्य नव्हे, घरी चलावे.

हे कर्म तुम्हांला शोभत नाही, असे कौशिक स्पष्ट बोलला. व्याधाचे उत्तर फार विचार करण्याजोगे आहे. हा धंदा बापआजांपासून चालत आला आहे. आपण स्वतः जीव मारीत नाही, दुसऱ्यांनी मारलेल्यांचे मांस विकतो आणि स्वतः मांस खात नाही, असे तो सांगतो. तरीही आपले कर्म घोर आहे हे तो निःसंशय मान्य करतो. सर्वच कर्मारंभ दोषाने वेढलेले असतात, हे अठराव्या अध्यायाच्या अठ्ठेचाळिसाव्या श्लोकातील तत्त्व पुष्कळ लोक स्वतःचा दोष झाकण्यासाठी पुढे करतात. व्याध ते तसे वापरत नाही. दोष दोषच आहे, असे म्हणून तो आपल्या वाट्याचा धर्म पाळतो. स्वतःला पुण्यवान ठरविण्याची त्याला घाई नाही, आणि या घाईचा अभाव हीच त्याची थोरवी आहे.

त्यानंतर व्याधाचा उपदेश अनेक अध्याय चालतो. शिष्टाचार म्हणजे काय, हा त्यातील एक प्रश्न आहे. मराठीत शिष्टाचार म्हटला की पानसुपारी व नमस्कार-चमत्कार डोळ्यांपुढे येतात. मूळ अर्थ शिष्टांचे म्हणजे संयमी सज्जनांचे आचरण असा आहे, आणि यज्ञ, दान, तप, वेद व सत्य हे त्याचे आधार व्याधाने सांगितले आहेत. हिंसेची सूक्ष्मता, कर्माचा विपाक, त्रिगुण, इंद्रियनिग्रह असे विषय पुढे येतात. कौशिक सर्व ऐकतो. एका मांसविक्रेत्याला तो मोकळेपणाने सांगतो की माझ्या मते तुम्ही ब्राह्मणच आहात, कारण द्विजत्व आचरणाने येते. व्याध पूर्वजन्मी ब्राह्मण होता व ऋषीच्या शापाने या योनीत आला, असाही भाग कथेत आहे. प्रवचनकार त्यावर बराच वेळ घालवितात. परंतु कौशिकाने मान्यता दिली ती त्याच्या आचरणाला. येथे शापकथेचे महत्त्व दुय्यम समजावे.

एवढे ऐकून कौशिक चांगला झाला काय? विद्या तर त्याच्यापाशी आधीच होती. आता धर्माचे सूक्ष्म ज्ञान मिळाले, सत्संग लाभला, मन प्रसन्न झाले. चौदाव्या अध्यायाच्या सहाव्या श्लोकात भगवंत सावध करतात ते येथेच: निर्मळ सत्त्वगुणही बांधतो, आणि तो सुखाच्या व ज्ञानाच्या आसक्तीने बांधतो. धर्मचर्चेचे सुख हे बंधन होऊ शकते, कारण ते चांगले वाटते. कौशिक मिथिलेहून येथेच परतला असता, तर एक अधिक बहुश्रुत तपस्वी पुन्हा त्याच वृक्षाखाली जाऊन बसला असता.

व्याधाने तसे होऊ दिले नाही. माझा जो प्रत्यक्ष धर्म आहे तो आता पाहा, असे म्हणून त्याने कौशिकाला घरात नेले. तेथे त्याचे वृद्ध आईबाप जेवून, शुभ्र वस्त्रे नेसून उत्तम आसनावर बसले होते. व्याधाने त्यांच्या पायांवर मस्तक ठेवले. हीच माझी दैवते, असे तो म्हणाला. यांना मी स्वतः न्हाऊ घालतो, पाय धुतो, जेवू घालतो. यांच्याशी यांना आवडेल तेच बोलतो.

आणि मग त्याने कौशिकाला ती गोष्ट सांगितली, जी इतका वेळ सांगितली नव्हती. वेदपठणासाठी कौशिक घरातून निघाला तो आईबापांची अनुज्ञा न घेता. त्याने त्यांची उपेक्षा केली. त्याच्या शोकाने ती दोघे वृद्ध माणसे आंधळी झाली आहेत. त्यांना प्रसन्न करावयास त्याने परत जावे. नाहीतर त्याचे सर्व धर्माचरण व्यर्थ आहे.

व्याधाला हे पहिल्या भेटीतच ठाऊक असले पाहिजे. मग इतका विलंब का? ग्रंथात याचे कारण दिलेले नाही. वाचकाने ते कथेच्या क्रमावरून ओळखावे. दुकानापाशी दूर उभ्या असलेल्या त्या वेदज्ञाला ही गोष्ट सांगितली असती, तर त्याने वेदाध्ययनाचे माहात्म्य सांगणारी दहा वचने पुढे केली असती, आणि ती सर्व खरी असती. ज्या चुकीच्या रक्षणाला एक मोठे सत्कर्म उभे असते ती चूक डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच गृहिणीच्या दारी 'मातापित्यांची सेवा करणारा' हे शब्द कानांवर पडूनही कौशिकाच्या आत शिरले नाहीत. ज्या दाराकडे त्याने पाठ फिरविली होती, त्याच दाराचे ते नाव होते.

यावरून वेदाध्ययन टाकावे, असे कोणी काढू नये. यज्ञ, दान व तप टाकू नयेत, ती बुद्धिमंतांना पावन करणारी आहेत, हे अठराव्या अध्यायाच्या पाचव्या श्लोकात निश्चयाने सांगितले आहे, आणि लगेच सहाव्या श्लोकात आसक्ती व फळ सोडून ती करावी अशी अट घातली आहे. कौशिकाचे अध्ययन वाईट नव्हते. ते दुसऱ्यांच्या अंधत्वावर उभारलेले होते. घर सोडणाऱ्या सर्वांना हा नियम लावणेही योग्य नव्हे. संन्यासाचा अधिकार ही निराळी गोष्ट आहे. प्रश्न एवढाच आहे, की आपल्या साधनेची किंमत कोण देत आहे. या प्रश्नाचे उत्तर ग्रंथात मिळत नाही, घरात विचारावे लागते. आंधळ्या म्हातारीला विचारावे लागते.

कौशिकाने वाद घातला नाही. नरकात पडत असता व्याधाने आपणांस वर काढले, असे म्हणून त्याने उपदेश मान्य केला, व्याधाला प्रदक्षिणा घातली आणि तो निघाला.

पुढचा वृत्तांत महाभारतात अवघ्या एका श्लोकाचा आहे. उपदेशाला अनेक अध्याय, आणि त्याच्या फळाला एक श्लोक. कौशिक घरी गेला आणि त्याने वृद्ध मातापित्यांची यथाविधि सर्व सेवा केली, इतकेच तेथे म्हटले आहे. त्यांची दृष्टी परत आली काय, हे सांगितलेले नाही. घरात पाऊल टाकल्यावर तो प्रथम काय बोलला, आईने त्याला आवाजावरून ओळखले की हातांच्या स्पर्शावरून, हेही सांगितलेले नाही. त्याच्या नजरेने पुन्हा एखादा पक्षी पडल्याची कथा मात्र कोठेच नाही.