मुरगळलेला घोटा आणि धीराचे काम

ठाणे खाडीच्या पूर्व काठी तुर्भे नावाचे जुने गाव आहे. ते आता नवी मुंबईत मोडते, व तेथे मुंबईचा मोठा घाऊक बाजार आहे. आपल्या शेतांतील कांदा व बटाटा मोटारींतून तेथे जातो, आणि सातारा वगैरे जिल्ह्यांतील पुष्कळ माणसेही तेथे माथाडीचे काम करावयास जातात. ह्या श्रमिकांकरिता १९६९ साली माथाडी कायदा झाला. परंतु ज्याची कमाई उचललेल्या ओझ्यावर अवलंबून आहे, त्याचा घोटा दुखावला म्हणजे घरची चूलच अडचणीत येते.

असे समजा की, अशा एका बंधूचा पाय पावसाळ्यात ओल्या फळीवर मुरगळला. आठ दिवसांत सूज ओसरली व ठणका मंदावला. घरी पैसा नव्हता. म्हणून नवव्या दिवशी त्याने पन्नास किलोची गोणी डोक्यावर घेतली, आणि तोच पाय पुन्हा वळला. महिन्याभराने तिसऱ्या वेळी वळला. तेव्हा लोक म्हणू लागले की, हा पाय आता कायमचा अधू झाला. वाचकहो, येथे चूक कोठे झाली? दुखणे थांबले म्हणजे घोटा बरा झाला, असे त्याने मानले, हीच ती चूक होय.

घोट्याची हाडे चिवट पट्ट्यांनी एकमेकांस बांधलेली असतात. त्यांस अस्थिबंध म्हणतात. पाऊल आत वळले म्हणजे बाहेरच्या अंगाचा बंध ताणतो किंवा फाटतो. वेदना थोड्या दिवसांत शमते, परंतु बंध भरून येण्यास कित्येक आठवडे, व मार जबर असल्यास कित्येक महिने लागतात. चालताना प्रत्येक पावली सारा भार क्षणभर एकाच पायावर येतो. साठ किलो वजनाच्या मनुष्याने पन्नास किलोची गोणी घेतली, तर एकशे दहा किलोंचा भार त्या अर्धवट बऱ्या झालेल्या घोट्यावर पडतो.

दुसरीही एक गोष्ट आहे. पाऊल कसे पडले, हे मेंदूस कळविणारे बारीक ज्ञानतंतू सांध्याच्या भोवती असतात. बंधाबरोबर त्यांसही इजा होते, म्हणून पाय वेळीच सावरत नाही. फ्रीमन नामक इंग्रज शस्त्रवैद्याने १९६५ साली हे मत मांडले, आणि तोल सांभाळण्याचा अभ्यास केलेल्या रोग्यांचे घोटे कमी लचकतात असेही त्यास आढळले.

आता उपाय क्रमाने पाहू.

पहिले, मोड नाही ना, ह्याची खात्री करावी. १९९२ साली कॅनडातील ऑटवा शहराच्या वैद्यांनी ह्याकरिता सोपे नियम प्रसिद्ध केले. दुखावलेल्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील, अथवा घोट्याच्या हाडांची मागली कड किंवा पावलाच्या मध्यभागी बाजूचे हाड दाबल्यावर दुखत असेल, तर दवाखान्यात जाऊन क्ष-किरणांनी तपासून घ्यावे. मधुमेह असलेल्याने पाऊल सुजून गरम झाल्यास, दुखत नसले तरी, विलंब न लावता वैद्यास दाखवावे.

दुसरे, आरंभीचे दोन-तीन दिवस ओझे वर्ज्य करावे. निजताना पाय उशांवर उंच ठेवावा व पट्टी बांधावी; बोटे बधिर किंवा निळी झाल्यास ती सैल करावी. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटे लावल्यास वेदना कमी होते. आंबेहळदीचा लेप पुष्कळ जण लावतात; परंतु ताज्या मुरगळीस जोराने चोळू नये, व पायाळू मनुष्याच्या लाथेने फाटलेला बंध सांधत नाही.

तिसरे, पुढे पाय अगदी निजवून ठेवू नये. सोसेल तितके चालावे. बसून अंगठ्याने हवेत मुळाक्षरे काढावी, म्हणजे सांधा सर्व बाजूंनी फिरतो. मग भिंतीस हात टेकून टाचा उचलाव्या. त्यानंतर दुखऱ्या पायावर एकट्याने तीस सेकंद उभे राहण्याचा सराव रोज करावा. तो साधला म्हणजे भिंतीजवळच डोळे मिटून करावा.

चौथे, ओझे पायरीपायरीने वाढवावे: प्रथम रिकामे हात, मग दहा किलो, मग वीस. दुखरा पाय चांगल्या पायाइतका वेळ तोल धरतो व तितक्याच वेळा टाच उचलतो, तेव्हाच पूर्ण गोणी घ्यावी. पुढेही काही महिने कामाच्या वेळी घोट्याला आधारपट्टा बांधणे हिताचे आहे. सहा आठवड्यांनंतरही पाय दगा देत असेल, तर आत दुसरी इजा असू शकते, वैद्यास दाखवावे.

हे सर्व एकट्याने होणे कठीण. टोळीने त्यास काही दिवस गोण्या मोजण्याचे किंवा शिवण्याचे काम द्यावे, आणि घरच्या मंडळींनी त्यास आळशी म्हणू नये. एक महिन्याची कमी मजुरी सोसली तर पाय राहतो. ती न सोसल्यास पुढील कित्येक वर्षांची मजुरी जाण्याचे भय असते. धीर धरणे म्हणजे हातपाय गाळून बसणे नव्हे. रोजचा थोडा अभ्यास न चुकता करणे हाच खरा धीर.

प्रश्न:
१. वेदना थांबली तरी घोटा बरा झाला असे का म्हणता येत नाही?
२. वैद्याकडे केव्हा जावे?
३. आपल्या गावी असा कोणी असल्यास, त्यास कोणते हलके काम देता येईल?