समोरचाही डोकं चालवतो

निकाल लागले की माझा फोन तापतो. अलीकडे दर चौथा प्रश्न एकाच साच्यातला असतो : ‘मॅडम, मुलाला इंटेलिजन्समध्ये जायचंय. एआय आणि सायबर इंटेलिजन्सचा कोर्स आहे, फी साडेतीन लाख. घालू का?’ मुलानं वेब सिरीज पाहिलेली असते आणि वडिलांनी माहितीपत्रक. उत्तर आधीच सांगून टाकते, नका घालू.

गेल्या जूनमध्ये एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. माहितीपत्रकावर हुडी घातलेला बिनचेहऱ्याचा माणूस, मागे हिरवे आकडे. चाळीस मिनिटं वडील बोलले. ‘हुशार आहे हो, पण प्रत्येक गोष्टीत उलट बोलते,’ ही तक्रार त्यातच दोनदा आली. मुलगी गप्प. शेवटी मी तिलाच विचारलं, काय खेळतेस? म्हणाली, ‘कबड्डी. पहिल्या मॅचला मी बोनस घेऊन घेऊन पळत होते. पुढच्या टीमनं ते बघून ठेवलेलं. त्यांची डाव्या कोपऱ्यावरची मुलगी मुद्दाम मागं उभी राहिली, मी पाय टाकला आणि तिनं घोटा धरला. मग पुढच्या चढाईला मी बोनसला जातेय असं नुसतं दाखवलं आणि ती पुढं आली तशी तिला हात लावून परत आले.’

‘ते खेळाचं जाऊ द्या हो,’ वडील म्हणाले.

जाऊ कसं द्यायचं? गुप्तवार्ता विश्लेषण म्हणतात ते हेच. पाऊस हवामान खात्याचा अंदाज ऐकून बेत बदलत नाही. शत्रू बदलतो. तुम्ही त्याच्याकडे बघताय हे त्याला ठाऊक असतं, आणि तुम्ही काय बघताय हेही तो हळूहळू ओळखतो.

1973 चं इस्रायल घ्या. त्यांच्या लष्करी गुप्तवार्ता खात्याचं पक्कं गणित होतं : लांब पल्ल्याची विमानं आणि क्षेपणास्त्रं हाती आल्याशिवाय इजिप्त युद्ध करणार नाही, आणि इजिप्तशिवाय सीरिया उतरणार नाही. हे गणित हवेतलं नव्हतं, चांगल्या माहितीवर उभं होतं. पण 1972 च्या शरद ऋतूत इजिप्तचे अध्यक्ष सादात यांनी मन बदललं. आहे त्या शस्त्रांनिशी मर्यादित युद्ध करायचं ठरवलं. माहिती खोटी नव्हती, शिळी झाली होती. इजिप्तचं सैन्य सुएझ कालव्यावर येतंय, सराव करतंय, हे सगळ्यांना दिसत होतं. असे सराव आधीही झाले होते. बिन्यामिन सिमान-तोव नावाच्या एका कनिष्ठ अधिकाऱ्यानं 1 आणि 3 ऑक्टोबरला लिहून दिलं की हा सराव युद्धाचा बुरखा असू शकतो. वरिष्ठानं कागद पुढे पाठवलाच नाही. 6 ऑक्टोबरला हल्ला झाला. पुढे इस्रायलनं त्या खात्यात एक वेगळा कक्षच उघडला. चालू अंदाजाच्या विरुद्ध बाजू मांडायची, हेच त्याचं काम. म्हणजे तुमच्या घरातल्या त्या ‘उलट बोलणाऱ्या’ पोरीला तिथं पगार मिळाला असता.

दुसरं उदाहरण आपलंच, आणि त्यात चकवणारे आपण होतो. 1995 मध्ये पोखरणच्या अणुचाचणीची तयारी अमेरिकी उपग्रहांनी टिपली, दिल्लीवर दबाव आला आणि चाचणी राहिली. पण अमेरिकेला नेमकं काय दिसतं, हा धडा आपल्याला मिळाला. 1998 मध्ये कामं रात्री चालली, यंत्रं सकाळी मूळ जागी परत, शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात. 11 मे रोजी स्फोट झाले तेव्हा वॉशिंग्टन चकित! गंमत अशी की भाजपच्या जाहीरनाम्यात अण्वस्त्रांचा पर्याय वापरू असं छापलेलं होतं. निवडणुकीत सगळेच बोलतात, असं समजून अमेरिकेनं ते मनावर घेतलं नाही. उपग्रह कमी पडले ते पडलेच, पण समोरच्याचं मन वाचणाराही कमी पडला.

बँकेतही हाच खेळ आहे. ठरावीक मर्यादेवर रोकड भरली की पॅन द्यावा लागतो, म्हणून त्या मर्यादेच्या जरा खालचे भरणे सुरू होतात. ते संगणक पकडतो. पण तो पकडतो हे भरणाऱ्याला कळलं की तो दुसरी वाट काढतो. ही पुढची वाट कोणती, हे कालच्या आकड्यांतून सहजी निघत नाही. त्यासाठी माणूस लागतो.

आता वाटा, झटपट. आयबीची, म्हणजे केंद्राच्या गुप्तवार्ता विभागाची, एसीआयओ ही अधिकारीपदाची परीक्षा. सैन्यात जायचं तर सीडीएस. यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा तुम्हाला माहीतच आहे. परदेशातली गुप्तवार्ता पाहणाऱ्या रॉची सरळ जाहिरात शोधत बसू नका. बँका आणि विमा कंपन्यांचे फसवणूक-तपास विभागही आहेत. तांत्रिक पदंही आहेत. ज्याला खरंच प्रोग्रॅमिंग आवडतं त्यानं इंजिनिअरिंग नीट करावं, माहितीपत्रकाच्या नादी लागू नये.

माझा हट्ट मात्र वेगळ्या वाटेचा आहे. बी.ए. करा. इतिहास किंवा मानसशास्त्र घ्या, जोडीला थोडं संख्याशास्त्र आणि एक अवघड भाषा. समोरचा आपल्या माणसांशी त्याच्याच भाषेत बोलतो, आणि भाषांतरात त्याचा टोमणाही हरवतो, धमकीही. दिल्लीच्या जेएनयूत बारावीनंतर चिनी, फारसी, पश्तो शिकता येतं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन, जपानी आहे. पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. साडेतीन लाखांत यातलं बरंच काही होऊन वर पुस्तकांना पैसे उरतील.

‘आर्ट्सला घालून लोकांना काय सांगू?’ त्या वडिलांनी शेवटी विचारलंच. खरी भीती ही असते, मुलीच्या भवितव्याची नव्हे. साहेब, लोकांना काहीही सांगा. पण जिला घरात स्वतःचं मत मांडू देत नाही, तिनं उद्या वरिष्ठासमोर ‘सर, आपला अंदाज चुकतोय’ असं म्हणावं, ही अपेक्षा कुठून करता?

आणि एवढं करून आयबीच्या एसीआयओ (एक्झिक्युटिव्ह) पदाची जाहिरात एकदा स्वतः वाचा. परीक्षेच्या दुसऱ्या टप्प्यात निबंध लिहावा लागतो. पात्रतेच्या रकान्यात लिहिलंय : कोणत्याही शाखेची पदवी.