ठिपक्यामागे जाताना

चि. मुक्ता,


तुझ्या आईचा फोन आला होता. कुणी एक बाई सायकलवरून जगाला फेरी मारते आहे आणि तू रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर नकाशा उघडून तिचा ठिपका कुठवर सरकला ते बघत बसतेस, अशी तक्रार. मी तुला समज द्यावी, असं तिचं म्हणणं. देते, पण तिला हवी आहे ती नव्हे. खुशाल बघ. फक्त एवढंच की नुसता ठिपका बघणं म्हणजे धावफलक वाचून सामना पाहिला म्हणण्यासारखं आहे.

विक्रमाचं गणित एकदा समजून घे आणि बाजूला ठेव. सायकलवर किमान १८,००० मैल, म्हणजे २८,९७० किलोमीटर व्हायला हवेत, दिशा एकच हवी आणि पृथ्वीच्या गोलावर एकमेकांच्या बरोबर समोर येणाऱ्या दोन जागा वाटेत लागायला हव्यात. समुद्र विमानाने किंवा बोटीने ओलांडायचा. मार्क बोमाँटने २०१७ साली हे ७९ दिवसांच्या आत केलं, पण त्याच्यामागे गाड्या होत्या, स्वयंपाकी होते, मालिश करणारे होते. पुढच्याच वर्षी जेनी ग्रॅहम ही स्कॉटिश बाई कुणाच्याही मदतगाडीशिवाय १२४ दिवसांत फिरून आली. आता यात कोण मोठं? माझं मत जेनीच्या बाजूने आहे, पण तू मत बनवण्याआधी दोघांच्या रात्री कशा गेल्या ते वाच. दिवसाचे किलोमीटर सगळेच सांगतात.

मला स्वतःला घाई नसलेले लोक आवडतात. सायकलवरून जगाची फेरी पहिल्यांदा पूर्ण केली ती थॉमस स्टीव्हन्सने, पुढचं चाक उंच आणि मागचं इवलंसं अशा सायकलवर. एप्रिल १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला, डिसेंबर १८८६ मध्ये योकोहामाला पोचला. हिवाळाभर तेहरानात अडकला. अफगाणिस्तानातून त्याला माघारी पाठवलं, तर गडी उलटा इस्तंबूलपर्यंत गेला, बोटीने कराचीला आला आणि लाहोरहून ग्रँड ट्रंक रोडने कलकत्त्यापर्यंत सायकल हाणली. सामान काय, तर मोजे, एक जादा शर्ट, तंबूसारखा वापरता येईल असा रेनकोट आणि एक पिस्तूल. ‘आउटिंग’ नावाच्या अमेरिकन मासिकात त्याची हकीकत येत असे. वाचक महिनाभर थांबायचे. तुला तीन तास ठिपका हलला नाही तर जेवण जात नाही, असं कळलं!

याच मासिकाने पुढे फ्रँक लेन्झ या तरुणाला पाठवलं. १८९४ च्या मे महिन्यात तो तुर्कस्तानात एर्झुरुमच्या अलीकडे नाहीसा झाला, आणि त्याच्या प्रवासाचे आधीचे लेख मात्र नंतरही छापून येत राहिले. लोक चीन-ब्रह्मदेशातली वर्णनं वाचत होते आणि लिहिणारा या जगात नव्हता. हे सांगते ते तुला घाबरवायला नव्हे. दूरच्या माणसाबद्दल आपल्याला जे कळतं ते नेहमी थोडं शिळंच असतं, हे ध्यानात असावं. तुझ्या नकाशावरचा ठिपकासुद्धा बोगद्यात, खोल दरीत, बॅटरी संपली की थबकतो. अशा वेळी त्या बाईला निरोपांवर निरोप पाठवू नकोस. तिने उत्तरं द्यायची की पंक्चर काढायचं? आणि ती आज कुठल्या गावात मुक्कामाला आहे हे चारचौघांत पसरवायचं नाही. एकटी बाई आहे ती. लेल विलकॉक्सने २०२४ मध्ये आपला मार्ग स्वतःहून उघड केला होता, कुणीही या, थोडं अंतर सोबत चालवा म्हणाली, आणि ठिकठिकाणी लोक गेलेही. पण ते तिने ठरवलं होतं.

थापाही ओळखायला शीक. बॉस्टनची ॲनी लंडनडेरी १८९४ मध्ये निघाली. लंडनडेरी हे आडनाव तिचं नव्हे. त्या नावाच्या पाण्याच्या कंपनीने शंभर डॉलर देऊन आपली पाटी तिच्या सायकलवर लावली, म्हणून बाईंनी नावही तेच घेतलं. बराचसा प्रवास बोटीने झाला. परत जाऊन सांगितलं काय, तर हिंदुस्थानात जर्मन राजघराण्यातल्या लोकांबरोबर वाघ मारले. तरीही मला ती आवडते. तीन लहान मुलं घरी ठेवून, लांब झगा टाकून पुरुषी पोशाखात सायकलवर बसणं त्या काळात सोपं नव्हतं. एका माणसात धाडस आणि थाप दोन्ही राहू शकतात, एवढं लक्षात ठेवून वाचत जा.

आता मुख्य सांगणं. तू त्या बाईच्या जोडीने आणखी एका प्रवासामागे जा, आपल्या मुंबईच्या पोरांच्या. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले. युरोपातून चालत हिंदुस्थानात आलेल्या एका फ्रेंच माणसाचं व्याख्यान ऐकलं, त्यातून हे वेड लागलं म्हणतात. म्हणजे तेही आधी तुझ्यासारखेच, दुसऱ्याच्या प्रवासात गुंतलेले! तिघे वाटेत गळाले. एक तेहरानहून परतला, एक अमेरिकेतच राहिला. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे मार्च १९२८ मध्ये मुंबईला पोचले. ७१,००० किलोमीटर. त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३१ मध्ये निघालं. ते मिळव.

पण नुसतं पुस्तक वाचायचं नाही. शेजारी नकाशा हवा, आणि तोही त्या काळचा. ते इराणात शिरले तेव्हा रझा खान पंतप्रधान होता, शहा व्हायचा होता. बगदाद इंग्रजांच्या ताब्यातलं, तर जिथे वाळवंट ओलांडून पोचले ते अलेप्पो फ्रेंचांच्या. दोन्ही सरकारं नुकती बसलेली, सीमा नुकत्या आखलेल्या. पुढे जपान, नुकताच भूकंपातून उठलेला. चीन गृहयुद्धात. प्रत्येक मुक्कामाला थांबून विचार, इथे राज्य कोणाचं आहे, हे तिघे इथे प्रजा म्हणून दिसतात की पाहुणे म्हणून. साम्राज्याच्या पासपोर्टाने त्यांना कुठे वाट दिली आणि कातडीच्या रंगाने कुठे अडवलं, हेही तपासत जा. मी आयुष्यभर भूगोल शिकवला. पहिल्या महायुद्धानंतरचं जग वर्गात समजावताना मुलांचे डोळे मिटत. या तिघांच्या चाकामागून गेलं असतं तर मिटले नसते.

त्यांच्यानंतर लगेच, १९२४ मध्ये, फ्रामरोझ दावर हा पत्रकार एकटाच निघाला. व्हिएन्नात त्याला जोडीदार मिळाला आणि दोघांनी सहारा पार केला, ॲमेझॉनच्या रानातून गेले. सात वर्षं. १९३३ मध्ये आणखी तिघे गेले ते १९४२ मध्ये परतले. एकाचं बघून दुसरा, असंच झालेलं दिसतं.

आणि तूही तेच लिहिलंस, ‘आत्या, मी पण जाणार.’ जा. पण वेदांगी कुलकर्णीचं उदाहरण पूर्ण वाच. आपल्याकडचीच मुलगी, २०१८ मध्ये विशीची असताना १५९ दिवसांत फेरी केली. स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं, कॅनडात अस्वल मागे लागलं, हे वर्तमानपत्रांनी ठळक छापलं. व्हिसाच्या खेपांत किती दिवस गेले ते चार ओळींत उरकलं. भारतीय पासपोर्टवर जग फिरायचं तर अस्वलापेक्षा व्हिसा खिडकीवरचा कारकून अवघड, आणि तो कुठल्याही नकाशावर दिसत नाही.

म्हणून आधी पंक्चर काढायला आणि साखळी जोडायला शीक, दुकानदाराला हात लावू न देता. मग कोकणात उतर. आगरदांडा–दिघी, वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा फेरीबोटीतून सायकल नेता येते, आणि खाडीपलीकडचा प्रत्येक चढ तुला तुझी ताकद नेमकी सांगेल. घाटात उतरून सायकल ढकलावी लागली तर ढकल; लाजण्यासारखं त्यात काही नाही. तुझ्या बाबांशी पैशाचं मी बोलेन. ते बोलणं तू करू नकोस, बिघडवशील.

तोवर एक काम देते. त्या तिघांसारखं मुंबईहून निघून जमिनीवरूनच इराणात शिरायचं असेल, तर आज भारतीय पासपोर्टवर कुठली सीमा कुठल्या कागदांनिशी ओलांडता येईल, किंवा येणारच नाही, ते शोधून काढ आणि मला सविस्तर लिहून पाठव. परीक्षा झाल्यावर, आधी नको.

तुझी,
आत्या