गिऱ्हाईक वेवजीत आहे, पण दुपारी नाही

प्रश्न : वेवजीत शिलाईचं दुकान टाकलंय. हात चांगला आहे, तरी गिऱ्हाईक फिरकत नाही. दर कमी करू का?

उत्तर : ताई, दर मुळीच पाडू नका. गावातल्या कितीतरी बाया सकाळीच हद्दीपलीकडे गुजरातमधल्या उंबरगावच्या कारखान्यांत किंवा चिकूच्या वाड्यांवर जातात. त्या परततात तेव्हा तुमचं दुकान बंद! संध्याकाळी दोन तास उघडून बघा. आल्या बाईला ‘काय शिवू?’ विचारण्याआधी ‘मागच्या वेळी कुठे अडलं?’ असं विचारा. कुणाचा ब्लाउज काखेत काचतो, कुणाला एकरकमी पैसे जड जातात, पगारावर देणं सोपं पडतं. जूनमध्ये शाळेचे गणवेश आणि पेरणी एकदमच येतात. म्हणून गणवेशाची मापं मे महिन्यातच घ्या. ऐकलेली प्रत्येक अडचण वहीत टिपा आणि महिन्याने मला कळवा.