ईम गांवची आठवण : दप्तर आणि तोंडची गोष्ट

गांवाचा इतिहास दोन ठिकाणीं राहतो. एक दप्तरांत, दुसरा म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीं. दप्तर थोडें बोलतें, पण नेमकें बोलतें. म्हातारीं माणसें पुष्कळ सांगतात, आणि त्यांत प्रत्येक पिढी आपल्या पदरची भर घालीत आलेली असते. आपल्या मंडळीची किंवा गांवची हकीगत लिहून ठेवावी असें ज्या उपदेशकांच्या मनांत येतें, त्यांना पहिली अडचण हीच पडते कीं, या दोहोंपैकीं कोणाचें किती मानावें? याचा अभ्यास करण्यास आम्ही इंग्लंडांतील एका लहानशा गांवाचें उदाहरण घेतों, कारण त्या गांवीं दप्तर व आठवण दोन्ही शिल्लक आहेत, आणि ज्या गोष्टीची ती आठवण आहे ती आपल्याहि लोकांस अनोळखी नाहीं.

ईम हें गांव इंग्लंडच्या मध्यभागीं डर्बीशायर परगण्यांत डोंगराळ मुलखांत आहे. जमीन चुनखडीची, लोक बहुतेक शिशाच्या खाणींत राबणारे व मेंढरें पाळणारे. 1665 सालीं लंडन शहरांत प्लेगानें हाहाकार मांडला होता. लंडन येथून शंभराहून अधिक मैल दूर. तेव्हां ईमच्या लोकांस भय वाटण्याचें कारण नव्हतें. परंतु त्या उन्हाळ्याच्या अखेरीस गांवांतील एका शिंप्याच्या घरीं लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. जॉर्ज विकर्स नांवाचा कारागीर तेथें राहत असे. कापड दमट लागलें म्हणून त्यानें तें उलगडून विस्तवापुढें वाळत घातलें. थोड्याच दिवसांत त्यास ताप भरला, गांठी आल्या, आणि 7 सप्टेंबर रोजीं त्यास मूठमाती दिली गेली. त्याच महिन्यांत त्या घरांतील एक लहान मुलगाहि गेला.

कापडांत पिसवा होत्या असें आज मानितात. त्या काळीं हें कोणास ठाऊक नव्हतें. दूषित हवेनें रोग होतो अशीच समजूत होती. प्लेगाचा जंतु 1894 सालीं हाँगकाँग येथें सांपडला, आणि पिसवांचा संबंध 1898 सालीं कराचींत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें दाखवून दिला. मध्यंतरीं 1896 सालीं तीच साथ मुंबईस आली व पुढें पुण्यास पोंचली. 1897 च्या मार्च महिन्यांत सावित्रीबाई फुले यांनीं रोग्यांची सेवा करितां करितां याच रोगानें देह ठेविला. आमच्या आजीनें आपल्या सासूकडून ऐकलेली गोष्ट ती आम्हांस सांगे: घरांत उंदीर मरून पडलेला दिसला कीं माणसें भांडींकुंडीं उचलून माळावर जात व झोपड्या बांधून राहत. शास्त्र न जाणतां लोकांनीं योग्य तेंच केलें होतें.

ईमच्या लोकांनीं याच्या अगदीं उलट केलें. ते राहिले.

मात्र आरंभापासून सर्वच राहिले असें नाहीं. ज्यांस दुसरीकडे घर होतें किंवा हातांत पैसा होता अशीं कांहीं कुटुंबें आधींच निघून गेलीं. शरद ऋतूंत पुष्कळ मृत्यु झाले, हिंवाळ्यांत साथ मंदावली, आणि लोकांस वाटलें कीं संकट टळलें. पुढें 1666 च्या जून महिन्यांत ती पुन्हां भडकली. त्या वेळीं गांवचे पाळक रे. विल्यम मॉम्पेसन हे होते. वय तिशीच्या आंत, गांवांत येऊन दोनच वर्षें झालेलीं, आणि लोकांचा त्यांच्यावर अजून पुरा विश्वास बसलेला नव्हता. लोकांचा विश्वास होता तो त्यांच्या पूर्वीचे पाळक रे. टॉमस स्टॅन्ली यांच्यावर. राजानें व पार्लमेंटानें जी प्रार्थनापद्धति सक्तीची केली ती स्टॅन्ली यांना मान्य नव्हती, म्हणून 1662 सालीं त्यांचें काम काढून घेण्यांत आलें होतें. अशा पदच्युत पाळकांनीं आपल्या जुन्या मंडळीपासून पांच मैलांच्या आंत राहूं नये, असा कायदाहि 1665 सालीं झाला. या दोघांमध्यें सख्य असण्याचें कांहीं कारण नव्हतें. तरी ते एकत्र बसले व लोकांपुढें दोघांनीं मिळून तीन गोष्टी ठेविल्या. मेलेल्यांस देवळाच्या आवारांत न नेतां ज्यानें त्यानें आपल्या परसांत किंवा शेतांत पुरावें. उपासना देवळांत न भरवितां ककलेट डेल्फ नांवाच्या गांवाशेजारच्या घळींत उघड्यावर भरवावी, आणि तेथें प्रत्येक कुटुंबानें दुसऱ्यापासून अंतर ठेवून उभें राहावें. आणि तिसरी, सर्वांत कठीण: साथ संपेपर्यंत कोणीं गांवाची शींव ओलांडूं नये.

शिंवेवरच्या एका दगडाला भोंकें पाडलेलीं आहेत. तो दगड आजहि दाखवितात. त्या भोंकांत व्हिनेगर ओतून त्यांत नाणीं टाकीत, म्हणजे घेणाऱ्यास रोग लागूं नये. शेजारच्या गांवचे लोक सामान ठेवून पैसे उचलून नेत. गांवावरच्या टेंकडीकडे एका झऱ्यापाशींहि असाच व्यवहार चाले. त्याला मॉम्पेसनची विहीर असें नांव पडलें आहे. जवळच्या चॅट्सवर्थ वाड्याचे धनी अर्ल ऑफ डेव्हनशायर यांनीं अन्न व औषधें पुरविलीं. हें मदतीचें अंग सांगणारे पुष्कळदां विसरतात. कोंडून राहणाऱ्यांस बाहेरून भाकरी आली नसती तर तो निश्चय किती दिवस टिकला असता?

जुलैंत 50 हून अधिक व ऑगस्टांत 70 हून अधिक माणसें मेलीं. गांवाबाहेरच्या रायली नांवाच्या शेतांत एलिझाबेथ हँकॉक हिनें ऑगस्टच्या आठ दिवसांत आपला नवरा व सहा मुलें अशीं सात माणसें गमाविलीं. भीतीनें कोणी जवळ येईना, म्हणून तिनें प्रेतें स्वतः ओढीत नेलीं, स्वतः खड्डे खणले व स्वतः माती लोटली. पलीकडच्या टेंकडीवरून स्टोनी मिडल्टन गांवचे लोक हें पाहत होते असें सांगतात. एक मुलगा शेफील्डला होता, त्याच्याकडे ती पुढें निघून गेली. 25 ऑगस्ट रोजीं मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीन वारली. मुलांस आधींच दूर पाठविलें होतें; ती मात्र नवऱ्याजवळ राहिली होती. तिची कबर देवळाच्या आवारांत आहे. आवारांत कोणास पुरूं नये या ठरावाशीं हें जुळत नाहीं, आणि अभ्यास करणाऱ्यानें अशी विसंगति डोळ्याआड करूं नये. शेवटचा मृत्यु 1 नोव्हेंबर 1666 रोजीं झाला.

आतां दप्तराकडे वळूं. साथीनें सुमारें 260 माणसें मेलीं असें नोंदवहीवरून निघतें. गांवची वस्ती 350 होती असें पूर्वीं लिहीत. म्हणजे चारांपैकीं तीन माणसें मेलीं असा अर्थ होई, आणि कैक पुस्तकांत तोच आंकडा छापला आहे. पुढें अभ्यासकांनीं त्या काळच्या चूलपट्टीचे कागद व नोंदवही ताडून पाहिली, तेव्हां वस्ती 700 च्या आसपास असावी असें दिसून आलें. मग मेले ते तिसऱ्या हिश्शाहून अधिक. यानें दुःख कमी झालें असें कोणीं समजूं नये. हँकॉकबाईच्या घरांत हिशेब तोच राहतो. परंतु खरा आंकडा तो खरा. 2016 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणें या साथींत सुमारें एक चतुर्थांश लोकांस रोग उंदरांकडून लागला व बाकीच्यांस माणसांकडूनच लागला. तसें असेल तर शींव बंद केल्यानें आजूबाजूचीं गांवें वांचलीं हें म्हणणें बळकट होतें, आणि कोंडून राहिल्यानें ईमच्या लोकांनीं एकमेकांस रोग दिला हेंहि तितकेंच खरें ठरतें.

तोंडच्या गोष्टींत सर्वांच्या आवडीची गोष्ट एमट सिडल या मुलीची आहे. तिचें लग्न स्टोनी मिडल्टनच्या रोलंड टॉर याच्याशीं ठरलें होतें. साथ आल्यावर दोघें डेल्फ घळीच्या दोन बाजूंस उभीं राहून न बोलतां एकमेकांस पाहत. एके दिवशीं ती आली नाहीं. तरी तो पुढें बरेच दिवस येत राहिला, आणि शींव मोकळी झाल्यावर गांवांत जाऊन पाहतो तों घर रिकामें. ही गोष्ट सांगणारे म्हणतात कीं शींवबंदीच्या ठरावानें त्यांची ताटातूट केली. परंतु नोंदीप्रमाणें एमट 29 एप्रिल 1666 रोजीं वारली, आणि ठराव झाला जूनमध्यें. मग गोष्ट खोटी काय? तसें म्हणण्याचें कारण नाहीं. तिचा बाप व भावंडें आधल्या शरद ऋतूंतच गेलीं होतीं. अशा घरच्या मुलीनें आपल्या होणाऱ्या नवऱ्यास जवळ येऊं दिलें नसेल, तर त्यास कोणाचा ठराव लागत नाहीं. आठवणीनें माणसें बरोबर धरलीं व तारखा सैल सोडल्या; आठवण बहुधा असेंच करिते. आपल्या गांवची वृद्ध माणसें “मोठ्या दुष्काळांत” म्हणून सांगतात, तेव्हां तो 1876 चा कीं 1899 चा हें आपणच शोधावें लागतें.

मार्शल हाऊ याची गोष्ट निराळ्या जातीची आहे. हा धिप्पाड गडी. यास रोग होऊन गेला होता, म्हणून पुन्हां होणार नाहीं अशा भरंवशानें तो बेवारस प्रेतें पुरी, आणि मोबदला म्हणून मेलेल्याच्या घरांतील वस्तु उचलून नेई. अन्विन नांवाच्या एकास तो खड्ड्याकडे ओढून नेत असतां त्या माणसानें डोळे उघडून प्यावयास मागितलें, आणि पुढें तो जगला, असें सांगतात. हाऊची स्वतःची बायको व मुलगा ऑगस्टच्या अखेरीस गेलीं. पुढें कैक पिढ्या ईमच्या आया हट्टी मुलांस बागुलबुवाच्या ठिकाणीं मार्शल हाऊचें नांव घेऊन भीति घालीत. पाळकांच्या त्यागाची गोष्ट पुस्तकांत शिरण्यास पुष्कळ काळ लागला. हाऊची गोष्ट चुलीपुढें आपोआप टिकली. आमच्या मतें अशा गोष्टी गाळूं नयेत. सर्वच माणसें साधु होतीं असा इतिहास कोणास खरा वाटत नाहीं.

या सर्व कथा एकत्र केल्या त्या मुख्यतः विल्यम वुड या गांवच्याच माणसानें. त्याचें पुस्तक 1842 सालीं निघालें, म्हणजे साथीनंतर सुमारें 175 वर्षांनीं. त्यानें म्हाताऱ्यांस विचारून लिहिलें, आणि त्यानें नसतें लिहिलें तर पुष्कळ बुडालें असतें. परंतु प्रत्येक गोष्ट कोणाकडून ऐकली तें त्यानें सर्वत्र सांगितलें नाहीं. मॉम्पेसन यांनीं त्या वर्षीं लिहिलेलीं कांहीं पत्रें मागें राहिलीं, म्हणून सांगणाऱ्यांनीं सर्व श्रेय त्यांना दिलें. स्टॅन्ली यांचें नांव फार काळ मागेंच पडलें. कागद ज्याचा, कथा त्याची! म्हणून आमच्या उपदेशक बंधूंस आमची विनंति एवढीच कीं, गोष्ट लिहितांना सांगणाऱ्याचें नांव व वय तिच्याखालीं लिहावें, मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या व दफनाच्या नोंदींशीं ती ताडून पाहावी, आणि न जुळल्यास दोन्ही तशींच लिहून ठेवावीं. आणि ज्यांच्या हातचा कागद नाहीं, त्या बायका व मजूर यांजकडे आधीं जावें. तीं माणसें फार दिवस थांबत नाहींत.

ईम गांवांत आज ज्या घरांत मृत्यु झाले त्यांच्या दारांवर नांवांच्या पाट्या आहेत, आणि 1994 सालीं उघडलेलें एक संग्रहालयहि आहे. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारीं साथीची आठवण म्हणून डेल्फ घळींत उपासना होते. मॉम्पेसन हे पुढें नॉटिंगहॅमशायर परगण्यांतील ईक्रिंग या गांवीं पाळक म्हणून गेले. तेथील आठवण अशी सांगतात कीं, प्लेगाच्या गांवचा माणूस म्हणून लोक त्यांस आंत घेईनात. कांहीं दिवस त्यांस बाहेर झोपडींत राहावें लागलें, आणि ते एका झाडाखालीं उभे राहून उपदेश करीत. तें झाड गेलें. त्या जागीं आतां दगडी क्रूस आहे.