जुना टाइपरायटर घेताना

गोदरेजने १९५५ साली आपला पहिला टाइपरायटर बाजारात आणला आणि २००९ मध्ये उत्पादन थांबवलं. म्हणजे आता मिळेल तो सेकंडहँडच! तेव्हा चकाकीला भुलून मेसचे पैसे घालवू नका. खिशात कोरा कागद न्या आणि मशीन चालवूनच बघा. प्रत्येक अक्षर उमटतं का? दर ठोक्याला कॅरेज एक घर सरकतं का? ओळ संपत आली की घंटी वाजते का? अक्षरांच्या काड्या चिकटत असतील तर घाबरू नका, बहुतेक वेळा ती धूळ आणि वाळलेलं तेल असतं; साफ करता येतं. वरून आणखी तेल मात्र ओतू नका, धूळ पुन्हा बसते. रिबनही बदलता येते. पण काडी तुटलेली असेल तर सरळ नमस्कार करा. सुटा भाग मिळवायला दुसरं मशीनच खोलावं लागतं!