मान वळवणारा कॅमेरा

कतार हा अरबस्तानातील एक छोटा देश आहे. दोहा ही त्याची राजधानी. दोह्याच्या उत्तरेस सुमारे ५० किलोमीटरवर, समुद्रकाठी, अल खोर हे शहर आहे. अरबी भाषेत 'खोर' म्हणजे खाडी. पूर्वी येथील लोक मासे पकडत आणि समुद्रातून मोती काढत. आता जवळच रास लफान येथे नैसर्गिक वायूचे मोठे कारखाने आहेत. तेथे काम करण्यासाठी अनेक देशांतून माणसे येतात. त्यांत मराठी माणसेही आहेत.

अल खोरमधील अशाच एका मराठी घरातील ही गोष्ट. घरात आई, बाबा, ताई आणि छोटू. आजी मात्र साताऱ्याच्या जुन्या घरात एकटीच राहायची. एकदा पावसाळ्यात ती अंगणात पाय घसरून पडली. शेजारच्या काकूंच्या लक्षात यायला तासभर लागला. सुदैवाने हाड मोडले नाही. पण अल खोरमध्ये सर्वांचा जीव कासावीस झाला.

बाबा म्हणाले, "आपण आईच्या घरी कॅमेरा बसवू. इथून फोनवर घर दिसेल."

रात्री ते फोनवर कॅमेऱ्यांची चित्रे पाहू लागले. मुले त्यांच्याजवळ येऊन बसली.

"बाबा, हा गोल कॅमेरा कसा आहे?" छोटूने विचारले.

"हा मान वळवणारा कॅमेरा. याच्या पोटात दोन छोट्या मोटारी असतात. एक त्याला डावीकडे-उजवीकडे फिरवते, दुसरी खाली-वर करते. आपण इथून फोनवर बोट फिरवलं, की तो तिकडं साताऱ्यात मान वळवील."

"आणि झूम म्हणजे काय हो?" ताईने विचारले.

"लांबची वस्तू जवळ आणून मोठी दाखवणं. त्याचे दोन प्रकार आहेत. एकात कॅमेऱ्याची भिंगं पुढंमागं सरकतात. चित्र मोठं होतं आणि स्पष्टही राहतं. दुसऱ्यात टिपलेलं चित्रच ताणून मोठं करतात. त्यात नवीन काही दिसत नाही. चित्र पुसट होतं."

"मग पहिल्या प्रकारचाच घेऊ या!" छोटू म्हणाला.

ताई विचार करून म्हणाली, "पण आजीच्या ओसरीपासून अंगण पंधरा-वीस पावलांवर आहे. एवढ्यासाठी महागाचा झूम कशाला?"

"बरोबर," बाबा हसून म्हणाले. "आपल्याला रात्री दिसायला हवं, हे जास्त महत्त्वाचं. अंधारात हा कॅमेरा डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडतो आणि त्यांच्या मदतीनं पाहतो. तेव्हा चित्र काळंपांढरं दिसतं."

छोटूने स्वतःची मान वळवून पाहिली. "बाबा, तो अंगणाकडं पाहत असेल, तेव्हा त्याला पाठीमागचं दिसेल?"

"नाही. त्याला एका वेळी एकाच बाजूचं दिसतं."

मुलांनो, घरातील कॅमेऱ्याची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाच्या एक परिचारिका राहत. त्या अनेकदा घरी एकट्या असत. दारावर थाप पडली, की बाहेर कोण आहे ते कळत नसे. पतीच्या मदतीने त्यांनी एक युक्ती काढली. दाराला वेगवेगळ्या उंचीवर छिद्रे ठेवायची. मोटारीवर सरकणारा कॅमेरा त्यांतून बाहेर पाहील आणि बाहेरचा माणूस घरातील पडद्यावर दिसेल. या युक्तीचे पेटंट त्यांना १९६९ साली मिळाले. पुढे १९९६ साली स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने थेट संगणकांच्या जाळ्याला जोडता येणारा कॅमेरा विकायला आणला. त्यामुळे दूर गावचे दृश्य पाहणे सोपे झाले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी आजीला फोन लावला आणि कॅमेऱ्याची सगळी माहिती सांगितली. आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "घर माझं, दिसणार मी. मला विचारलंत का?"

बाबा ओशाळले. "आई, तुझ्या काळजीपोटीच म्हटलं मी."

"काळजी कळते रे मला. पण मी केस विंचरते, दुपारी आडवी होते, कधी एकटीच रडते. तेही साऱ्यांनी बघायचं?"

कोणीच काही बोलले नाही. मग आई म्हणाली, "आजींचं खरं आहे. खासगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलंय. आजी, कॅमेरा कुठं असावा ते तुम्हीच ठरवा."

आजीने ठरवले. कॅमेरा फक्त ओसरीवर असावा. त्याचे तोंड अंगणाकडे असावे. आतल्या खोल्यांत कॅमेरा नको. तिला नको असेल तेव्हा तिने तो बंद करावा.

"आणि माझं बोलणंही तुम्हांला ऐकू यायला हवं," ती म्हणाली. "नुसतं बघणारं यंत्र काय कामाचं?"

म्हणून बाबांनी दोन्हीकडून बोलता येईल असा कॅमेरा निवडला. त्याबरोबर आलेला परवलीचा शब्द त्यांनी लगेच बदलला. २०१६ साली जगभरातील हजारो कॅमेरे लबाड लोकांच्या ताब्यात गेले होते. कारण त्यांचे परवलीचे शब्द कारखान्यातून आले तसेच राहिले होते.

एक अडचण उरली. अल खोरचे घड्याळ भारताच्या अडीच तास मागे असते. आजी सकाळी सात वाजता तुळशीला पाणी घालते, तेव्हा अल खोरमध्ये साडेचार वाजलेले असतात. मग पाहणार कोण?

ताईने तोड काढली. "आजी, तू रोज साडेआठला ओसरीवर ये. तेव्हा इथं सहा वाजतात. आम्ही शाळेला निघायच्या आधी तुझ्याशी बोलू. तू दिसली नाहीस, तर लगेच काकूंना फोन करू."

"म्हणजे काकू हव्यातच?" छोटूने विचारले.

"हव्यातच," आजी म्हणाली. "वीज गेली की कॅमेरा झोपतो. आणि कॅमेऱ्याला पडलेलं माणूस दिसेल, पण उचलता येणार नाही. त्याला शेजारच लागतो."

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'खोर' या अरबी शब्दाचा अर्थ काय?
(आ) कॅमेऱ्यातील दोन मोटारी कोणती कामे करतात?
(इ) आजीने कॅमेरा कोठे बसवायला सांगितला?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) बाबांनी परवलीचा शब्द लगेच बदलला.
(आ) कॅमेरा असूनही काकूंची गरज होती.

प्र. ३. साताऱ्यात दुपारचे बारा वाजले असता अल खोरमध्ये किती वाजलेले असतील?

प्र. ४. "घर माझं, दिसणार मी. मला विचारलंत का?" आजी असे का म्हणाली? तुम्हांला काय वाटते ते पाच ओळींत लिहा.